घर सजवताना : अंधारी मधली खोली, पश्चिमेचे ऊन आणि लोणा लागलेली भिंत

उन्हाळा लागला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. दिवाळीच्या आधी सगळ्यांना रंग विचारायचे असतात, लग्नसराईत वरची खोली नव्या जोडप्यासाठी कशी सजवावी हे विचारायचे असते, आणि चैत्र सरत आला की ऊन, काळोख, तडे आणि पोपडे यांच्या तक्रारी येऊ लागतात. या वेळची पाचही पत्रे इंदूरची आहेत. जागेअभावी त्यांचा आशय तेवढा दिला आहे आणि पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : आदरणीय ताई, सुदामानगरात आमचे २० बाय ५० फुटांच्या प्लॉटवरचे दुमजली घर आहे. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांना लागून असल्यामुळे खिडक्या फक्त पुढे आणि मागे आहेत. खाली आधी पोर्च, मग बैठक, मग सासूबाईंची मधली खोली आणि तिला लागून जिना, शेवटी स्वयंपाकघर अशी रचना आहे. मधल्या खोलीत भर दुपारी दिवा लावावा लागतो. पोर्च काचेने बंद करून बैठक मोठी करावी, खालच्या मजल्यावर सगळीकडे फॉल्स सीलिंग करून त्यात भरपूर दिवे बसवावेत आणि बैठकीच्या एका भिंतीला गडद तपकिरी वॉलपेपर लावावा, असा आमचा विचार आहे. छताची उंची साडेनऊ फूट आहे. हे योग्य होईल का?

उत्तर : स्पष्ट लिहिते, राग मानू नये. तुमच्या यादीतील तिन्ही कामे मधली खोली अधिक काळोखी करणारी आहेत, आणि ज्यांच्यासाठी हा खटाटोप चालला आहे त्या सासूबाईंना त्यांतील एकाचाही उपयोग नाही.

आधी पोर्चचे पाहू. खिडकीतून येणारा उजेड खोलीत किती आत पोहोचतो याचा एक ढोबळ हिशेब आहे : खिडकीची वरची कड जमिनीपासून जितकी उंच, त्याच्या दोन ते अडीच पट अंतरापर्यंत कामापुरता उजेड मिळतो. सात फुटांवर कड असेल तर चौदा ते साडेसतरा फूट. आज तुमचा उजेड बैठकीच्या बाहेरच्या भिंतीपासून आत येऊ लागतो, त्यामुळे मधल्या खोलीच्या दारापर्यंत तो कसाबसा येत असणार. पोर्च बंद केला की हाच हिशेब पोर्चच्या बाहेरच्या कडेपासून सुरू होईल आणि मधली खोली त्याच्या टप्प्याबाहेर जाईल. शिवाय रस्त्यावरच्या घरात काच लावली की महिन्याभरात तिच्यावर धूळ बसते आणि दुसऱ्या महिन्यात येणाऱ्याजाणाऱ्यांच्या नजरेसाठी पडदा लागतो, हे मी या शहरातील बऱ्याच घरांत पाहिले आहे.

पोर्च म्हणजे वाया गेलेली जागा, असे आपल्याला अलीकडे वाटू लागले आहे. वास्तुविशारद बाळकृष्ण दोशी यांनी १९८० च्या दशकात आपल्याच इंदुरात अरण्य वसाहतीची आखणी केली, तेव्हा अगदी लहान प्लॉटवरच्या घरांनाही पुढे ओटला, म्हणजे दारापुढचा बसायचा कट्टा, दिला. त्या वसाहतीला १९९५ मध्ये आगा खान वास्तुकला पुरस्कार मिळाला. जिथे इंच इंच जागेचा हिशेब होता तिथे त्यांनी ओटला गाळला नाही. मग हजार फुटांच्या प्लॉटवर आपण तो का बुजवावा? तुमच्या पोर्चमध्ये एका बाजूला सोळा इंच उंचीचा दगडी कट्टा बांधून घ्या आणि त्याच्या खाली चपलांची जागा करा. संध्याकाळी सासूबाई तिथे बसतील, भाजीवाल्याशी बोलतील, आणि बैठक न वाढवताही घरातील एक माणूस बैठकीबाहेर बसू शकेल.

फॉल्स सीलिंगमुळे छत निदान सहा इंच, आणि कडेचे लपवलेले दिवे धरले तर आठ-नऊ इंच खाली येते. पंख्याच्या पात्यांना वरून हवा ओढायला साधारण फूटभर मोकळी जागा हवी आणि पाती जमिनीपासून सात फुटांच्या वरच हवीत. साडेनऊ फुटांत या दोन्ही गोष्टी आज नीट बसतात. उद्या ही मोकळीक बरीच कमी होईल. फॉल्स सीलिंग करायचेच असेल तर बैठकीत, वायरिंग झाकण्यापुरती एक पट्टी करून घ्या आणि थांबा.

आता मधल्या खोलीचा खरा उपाय, आणि तो तुमच्या जिन्यात आहे. जिना गच्चीवर जिथे उघडतो तिथे बहुतेक पत्र्याचे लोखंडी दार असेल. त्याच्या वरच्या अर्ध्या भागात पत्र्याऐवजी जाळी आणि जाड काच बसवा, आणि गच्चीवरच्या त्या लहान खोलीच्या उत्तरेकडील भिंतीत दोन फूट बाय तीन फुटांची उघडझाप होणारी खिडकी करा. मग जिना आणि मधली खोली यांच्यामधल्या भिंतीत सात फुटांच्या वर, छतापर्यंत, काचेचा झरोका काढा. ती भिंत साडेचार इंची आणि भार न घेणारी असेल तर हे काम दोन दिवसांचे आहे. नऊ इंची असेल तर आधी अभियंत्याला दाखवा, मिस्त्रीच्या शब्दावर हातोडा मारू देऊ नका. जिन्याच्या भिंतींना चुनकळीसारखा पांढरा रंग द्या, म्हणजे वरचा उजेड भिंतींवरून परतत परतत खाली येईल. याचा दुसरा फायदा रात्री कळेल. मालव्यातील उन्हाळी रात्री थंड असतात; जिन्यावरची आणि पुढची खिडकी रात्री उघडी ठेवली तर तापलेली हवा जिन्यातून वर निघून जाते आणि खालून गार हवा आत येते. सकाळी नवाच्या सुमारास दोन्ही बंद करावीत.

रंगाबाबत एक गैरसमज सर्वत्र दिसतो. अंधाऱ्या खोलीला लोक शुभ्र पांढरा रंग देतात आणि तो महिन्याभरात राखाडी दिसू लागतो, कारण पांढऱ्याला उजळायला मुळात उजेडच नसतो. तिथे किंचित पिवळसर किंवा गुलाबी झाक असलेला फिका रंग घ्यावा आणि छत मात्र पांढरे ठेवावे. दुकानातील रंगपट्टीवर विसंबू नका. दोन फूट बाय दोन फुटांच्या पुठ्ठ्यावर रंग लावून तो त्या खोलीच्या भिंतीला टेकवून ठेवा आणि सकाळी, दुपारी व दिव्याच्या उजेडात पाहा. चार भिंतींना लागल्यावर रंग पट्टीपेक्षा एक घर गडद दिसतो.

दिवे कमी पण नेमके लावा. वय वाढते तसा डोळ्यांतून आत जाणारा प्रकाश कमी होतो. सासूबाईंना पोथी वाचताना तुमच्यापेक्षा पुष्कळ जास्त उजेड लागतो. दहा बाय बारा फुटांच्या खोलीला दहा-दहा वॅटच्या दोन एलईडी पट्ट्या पुरतात. त्या समोरासमोरच्या भिंतींवर असाव्यात, म्हणजे वाचताना स्वतःचीच सावली पुस्तकावर पडत नाही. त्याखेरीज पलंगाजवळ वाचायचा एक दिवा आणि झोपल्या जागेवरून हाताला लागेल असे बटण. खोक्यावर ३००० ते ४००० केल्विन लिहिलेला दिवा घ्यावा. ६५०० चा निळसर उजेड दुकानाला ठीक, म्हाताऱ्या माणसाच्या खोलीला नाही.

वॉलपेपरची भिंत शेजाऱ्यांना लागून असेल तर आधी त्यांच्या बाजूला काय आहे ते विचारून या. पलीकडे न्हाणीघर असेल तर पहिल्याच पावसाळ्यात वॉलपेपर सुटेल. तपकिरी रंग एवढाच आवडत असेल तर तो सोफ्याच्या कापडात आणा.

प्रश्न : ताई, निपानियात तिसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे. हॉल आणि गॅलरी पश्चिमेला आहे. मे महिन्यात चार वाजल्यानंतर हॉलमध्ये बसवत नाही. जाड पडदे लावले, तरी फरक नाही. दुसरे असे की सासूबाईंच्या चार जुन्या माहेश्वरी साड्या आहेत. त्यांचे पडदे शिवले तर घराला आपलेपण येईल असे वाटते. कसे करावे?

उत्तर : जाड पडद्याने फरक पडत नाही याचे कारण पडदा चुकीच्या बाजूला आहे. ऊन काचेतून आत आले की त्याची उष्णता घरातच राहते. पडदा ती फक्त काचेजवळ थोपवतो आणि स्वतः तापतो. पश्चिमेचे ऊन काचेच्या बाहेर अडवावे लागते. वरचा छज्जा इथे कामाचा नाही, कारण चार वाजता सूर्य इतका खाली आलेला असतो की ऊन छज्जाच्या खालून सरळ आत शिरते. म्हणून गॅलरीच्या बाहेरच्या कडेला बांबूची चिक सोडा. ती खालीही दोन हुकांत अडकवता आली पाहिजे, नाहीतर पहिल्या वावटळीत ती शेजारच्या गॅलरीत जाईल. सोसायटीची परवानगी आधी घ्यावी आणि शक्य असल्यास खालच्या-वरच्या घरांनी एकाच रंगाच्या चिका घ्याव्यात; भांडण टळते.

आपल्या आजोबांच्या काळी याच उन्हावर वाळ्याच्या ताट्या असत. वैशाखातील कोरड्या हवेत पाणी शिंपडलेली ताटी खरोखर गारवा देते आणि वास येतो तो वेगळाच. पण मृग लागला की ती काढून, वाळवून ठेवायला हवी, नाहीतर बुरशी धरते. कूलरचेही तेच आहे. कूलर चालू असताना समोरची एक खिडकी उघडी हवी; सगळे बंद करून कूलर लावला की अर्ध्या तासात अंग चिकचिकते आणि मग लोक कूलरला दोष देतात.

आता साड्या. पश्चिमेच्या खिडकीला त्या लावू नका, ही कळकळीची विनंती आहे. परंपरेने माहेश्वरीचा ताणा रेशमाचा आणि बाणा सुताचा असतो. साडीची लांबी उभी धरून पडदा केला की त्याचे सगळे वजन उभ्या रेशमी धाग्यांवर येते, आणि उन्हाने सर्वांत आधी कुजते ते रेशीम. दोन उन्हाळ्यांत पडदा घडीवर आडवा फाटू लागेल, आणि तो रफूही होणार नाही.

माहेश्वरीची खुबी तिच्या काठात आहे. बुगडीचा काठ दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो, उलटसुलट असे त्याला नाही. म्हणून तिची जागा खिडकीत नव्हे, तर दोन खोल्यांमधल्या दारात आहे, जिथे पडदा दोन्हीकडून दिसतो आणि ऊन पोहोचत नाही. हॉलमधून आतल्या खोलीकडे जाणाऱ्या दाराला एक साडी लावा. कापड कापू नका. वरच्या बाजूला फक्त नाडा ओवण्यापुरती घडी हाताने टाचा, खालचे जादा कापड आतल्या बाजूला दुमडून घ्या. उद्या कोणाला ती साडी नेसावीशी वाटली तर टाके उसवले की झाले. फाटलेली एखादी असेल तर तिचा पदर चौकटीत बसवावा. त्या पदराच्या काठाकडे नीट पाहिले तर महेश्वरच्या किल्ल्यावरची विटांची आणि चटईची नक्षी तुम्हाला ओळखू येईल.

खिडकीला मात्र साधे जाड सुती कापड, आत फिक्या रंगाचे अस्तर. शिवण्यापूर्वी कापड धुऊन वाळवून घ्या, कारण सुती कापड पहिल्या धुण्यात शंभर इंचांमागे तीन ते पाच इंच आटते आणि मग पडदा तोकडा होतो. कापडाची रुंदी खिडकीच्या दुप्पट घ्यावी आणि दांडी चौकटीच्या दोन्ही बाजूंना सहा-आठ इंच पुढे न्यावी, म्हणजे पडदा सारल्यावर खिडकी पूर्ण मोकळी होते. धार जिल्ह्यातील बाघ गावची ठसेछपाई हवी असल्यास तीही सुंदर दिसते, पण अस्तराशिवाय लावू नका.

प्रश्न : रामबागेजवळ आमचे वडिलोपार्जित घर आहे, पंचाहत्तर वर्षांच्या पुढचे, विटा आणि चुन्याचे. बैठकीच्या भिंतीला जमिनीपासून तीन फुटांपर्यंत दरवर्षी पोपडे येतात. आठ वर्षांपूर्वी सिमेंटचा गिलावा केला, नंतर पुट्टी लावून प्लॅस्टिक पेंट दिला. तरी तेच. शिवाय खिडकीच्या कोपऱ्यातून एक तिरका तडा गेला आहे, तो उन्हाळ्यात मोठा दिसतो. ठेकेदार म्हणतो की भिंतीला पीव्हीसी पॅनेल लावून टाका, दोन्ही झाकले जाईल. काय करावे?

उत्तर : झाकले जाईल हे खरे, पण भिंत मागे कुजत राहील आणि पॅनेलच्या आड झुरळांची वसाहत होईल. तुमच्या भिंतीला काय झाले आहे ते आधी समजून घ्या, कारण आजार समजला तर उपाय स्वस्त आहे.

त्या काळच्या घरांच्या पायात ओल अडवणारा थर बहुधा नसे. जमिनीतले पाणी दिव्याच्या वातीतून तेल चढावे तसे विटांतून वर चढते आणि येताना क्षार घेऊन येते. चुन्याच्या गिलाव्यातून हे पाणी वाफ होऊन उडून जात असे आणि भिंत कोरडी राहत असे. तुम्ही सिमेंट, पुट्टी आणि प्लॅस्टिक पेंट असे तीन थर लावून भिंतीचा श्वास कोंडलात. आता पाणी बाहेर पडायला वाट शोधते, क्षार रंगाच्या मागे साचून फुगतात आणि पोपडा ढकलून पाडतात. हाच लोणा.

खात्री करायची असेल तर फूटभर ॲल्युमिनियमची फॉइल भिंतीला चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दोन दिवसांनी पाहा. थेंब फॉइलच्या मागे असतील तर ओल भिंतीतून येते. पुढच्या बाजूला असतील तर ती खोलीतल्या हवेची आहे.

उपाय असा : जिथपर्यंत ओल दिसते त्याच्या फूटभर वरपर्यंत सिमेंटचा गिलावा काढून टाका. विटांवरचे पांढरे क्षार कोरड्या ब्रशने झाडा, पाण्याने धुऊ नका, कारण पाण्यात विरघळून ते पुन्हा आत जातात. आता उन्हाळाभर भिंत तशीच उघडी ठेवा. पाहुण्यांना दाखवायला लाज वाटेल, पण वाळायला तिला वेळ लागणारच. नंतर चुन्याचा गिलावा करा आणि त्यावर चुन्याचीच सफेदी द्या, हवा तर तिच्यात थोडा पिवळा रंग मिसळा. चुन्याचे काम जाणणारा मिस्त्री शोधण्यात आठवडा गेला तरी चालेल. त्याच वेळी बाहेरची बाजू पाहा : अंगणातील फरशी वर्षानुवर्षे एकावर एक चढवून जोत्याच्या बरोबरीला आली आहे का, आणि छताच्या पन्हळीचे पाणी भिंतीच्या पायातच पडते का? ते तसेच राहिले तर आतले सगळे काम फुकट जाईल. भिंतीला लागून सोफा ठेवू नका, तीन-चार इंच हवा खेळू द्या.

तड्याचे कारण आपल्या पायाखालची काळी माती आहे. ती पावसात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. घर तिच्यावर वर्षातून एकदा किंचित उठते आणि बसते. म्हणूनच तडा मे महिन्यात मोठा आणि भाद्रपदात लहान दिसतो. अशा तड्यात कडक पुट्टी भरली की पुढच्या वर्षी तो तिच्या शेजारून फुटतो. जुन्या अभियंत्यांची एक युक्ती करा : काचेची पातळ पट्टी तड्यावर आडवी ठेवून तिची दोन्ही टोके सिमेंटने चिकटवा आणि शेजारी पेन्सिलीने तारीख लिहा. वर्षभरात काच फुटली तर भिंत हलते आहे. तडा पाच मिलिमीटरपेक्षा रुंद असेल, किंवा दारे-खिडक्या अडकू लागल्या असतील, तर सजावटीचा विचार बाजूला ठेवून आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवावे.

प्रश्न : मी निवृत्त बँक अधिकारी, लोकमान्यनगरात राहतो. स्वयंपाकघर नव्याने करायचे आहे. पत्नीची उंची पाच फूट, माझी पाच फूट नऊ इंच. सकाळचा स्वयंपाक ती करते, संध्याकाळचा आणि भांड्यांचा मी. ओटा किती उंच असावा? सुतार सर्व ट्रॉल्यांना मरीन प्लाय सुचवतो, ते आवश्यक आहे का? आणि कचऱ्याचे इतके वेगवेगळे डबे ठेवायचे तरी कुठे?

उत्तर : पत्र वाचून फार आनंद झाला, विशेषतः 'भांड्यांचा मी' या शब्दांनी.

ओट्याची उंची सुताराने ठरवायची नसते, कोपराने ठरवायची असते. पायात घरातल्या चपला घालून सरळ उभे राहा, हात कोपरात वाकवा, जमिनीपासून कोपरापर्यंतचे अंतर मोजा आणि त्यातून चार ते सहा इंच वजा करा. पत्नीचे उत्तर ३२ इंचांच्या आसपास येईल, तुमचे ३८ च्या. मधले ३५ काढून दोघांनाही त्रास देण्यापेक्षा ओट्याला दोन पातळ्या द्या. शेगडीची आणि पोळ्या लाटण्याची बाजू ३१ ते ३२ इंच ठेवा, कारण शेगडी आणि पातेले मिळून कामाची उंची आपोआप वाढते आणि लाटताना तर वरून जोर द्यावा लागतो. सिंकची बाजू ३६ इंच करा, कारण आपण ओट्याच्या पातळीवर नव्हे, तर सिंकच्या तळाशी काम करतो आणि तो सात-आठ इंच खाली असतो. भांडी तुम्ही घासता, तेव्हा तुमच्या कंबरेचा विचार तिथे होईल. दोन पातळ्यांच्या सांध्यावर दगडाची कड गोल घासून घ्यायला विसरू नका.

दगड काळा ग्रॅनाइट घेऊ नका. हा सल्ला मी स्वतःच्या चुकीतून देते आहे. माझ्या ओट्यावर मी हौसेने काळा, चकचकीत दगड बसवला. नर्मदेचे पाणी एक दिवसाआड येते, मधल्या दिवशी बोरिंगचे जड पाणी, आणि त्याचा प्रत्येक थेंब वाळला की पांढरे वर्तुळ. गेली बारा वर्षे मी व्हिनेगरचे फडके घेऊन उभी आहे. राखाडी किंवा ठिपक्यांचा तपकिरी दगड हे सगळे पोटात घालतो.

सगळीकडे मरीन प्लाय लागत नाही. सिंकखाली आणि पाण्याच्या जवळच्या कपाटांना आयएस ७१० ची मरीन प्लाय घ्यावी. वरच्या कपाटांना, जिथे पाणी पोहोचत नाही, तिथे आयएस ३०३ ची चालते. सिंकखाली तर मी लाकूडच टाळते : कडप्प्याच्या दोन उभ्या फळ्या, पुढे जाळीचे दार, बस्स. सर्व कपाटे जमिनीपासून चार इंच उंच पायांवर उभी करा, कारण प्लाय सडते ती वरून पडलेल्या पाण्याने कमी आणि रोजच्या पुसण्याच्या फडक्याने जास्त. प्रत्येक शीटवर आयएसआयचा शिक्का आहे की नाही ते पहिला तुकडा कापण्याआधी, शीट उलटून, स्वतः पाहा. माझ्याकडे गठ्ठ्यातील वरच्या दोन शीटना शिक्के होते आणि खालच्या सहा बिनशिक्क्याच्या निघाल्या, ते कपाटे फुगल्यावर कळले. सुताराने कापलेल्या कडा पट्टीने बंद केल्या आहेत ना, हेही पाहावे. ओल शिरते ती कडेतूनच.

कचऱ्याचे सहा प्रकार ऐकून घाबरून जाण्याचे कारण नाही. रोज हाताशी लागतात ते दोनच, ओला आणि सुका. ओल्याचा डबा आठ ते दहा लिटरचा पुरे, कारण गाडी रोज येते. मोठा घेतला की लोक तो दोन दिवस ठेवतात. तो सिंकजवळ हवा, पण बंद ट्रॉलीत नको, जाळीच्या दारामागे हवा. सुक्याचा त्याच्या दुप्पट, कारण खोकी जागा खातात. प्लास्टिकची पिशवी धुण्याच्या गॅलरीत खुंटीला टांगा. सॅनिटरीचा झाकणाचा डबा न्हाणीघरात. ई-कचरा आणि घातक कचरा, म्हणजे जुने सेल, दिवे, मुदत संपलेली औषधे, महिन्यातून मूठभर होतात. त्यांना बुटांच्या खोक्याएवढे दोन डबे, नातवंडांचा हात पोहोचणार नाही अशा फळीवर.

आणि माठाला घडवंची ठेवाच. ती खिडकीच्या झोतात असावी, कारण बाहेरच्या अंगाने पाणी उडून गेले तरच माठ गार होतो. नव्या स्वयंपाकघरांत माठ कपाटाच्या कोनाड्यात कोंबतात आणि मग फ्रीजचे पाणी पितात.

प्रश्न : ताई, आमचा दोन खोल्यांचा फ्लॅट आहे. जाऊबाई पुण्याला गेल्यामुळे पुढच्या वर्षीपासून महालक्ष्म्या आमच्याकडे बसणार आहेत. आता हॉलचे फर्निचर करतो आहोत, तर काय लक्षात ठेवावे?

उत्तर : एकच भिंत मोकळी सोडा, निदान सहा फूट लांबीची, आणि तिच्यापुढे तीन फूट खोल जागा. त्या भिंतीला काहीही ठोकून बसवू नका. टीव्हीचे युनिट करणार असाल तर ते समोरच्या भिंतीवर करा. इकडे ठेवाल ती फक्त हलवता येणारी, कमी उंचीची बैठक असावी. मोजमाप घेताना मुखवट्यांची उंची धरू नका. उतरंड किंवा स्टँड, वर मुखवटा, त्यावर मुकुट आणि मखर असे सगळे मिळून किती होते ते जाऊबाईंना फोन करून विचारा. साडी नेसवलेल्या दोन उभ्या महालक्ष्म्या, बाळे आणि मध्ये गणपती म्हटला की सहा फूट सहज लागतात. मखराच्या माळांसाठी त्या भिंतीवर जमिनीपासून सहा फुटांवर एक आणि जमिनीलगत एक असे दोन सॉकेट आताच काढून घ्या, म्हणजे समईशेजारून एक्स्टेन्शनची वायर न्यावी लागणार नाही. छताला दोन मजबूत हुक ठेवावेत. सोळा भाज्यांच्या नैवेद्याची पाने मांडायला हॉलमध्ये सलग मोकळी फरशी लागेल, तेव्हा मधले टेबल काचेचे आणि जड न घेता हलके, लाकडी, पायांची घडी होणारे घ्या. उरलेले वर्षभर मुखवटे आणि मखर ठेवायला माळ्यावर दार असलेला एक कप्पा हवा. न्हाणीघरावरचा माळा मात्र त्यासाठी निवडू नका, तिथे ओल असते.